रोज दोनच गैरहजर, तरी पाच मुलं हातची जातायत

खडूवाली

बरेच दिवस विषय डोक्यात घोळतोय, आज मांडतेच. शाळेत हजेरीची गोष्ट निघाली की आकडा येतो तो वर्गाचा. "९५ टक्के उपस्थिती, छान!" आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. त्या ९५ मध्ये काय काय दडतं ते बघा.

४० मुलांचा वर्ग, महिन्यात २० दिवस शाळा. म्हणजे ८०० हजेऱ्या. ९५ टक्के भरल्या म्हणजे ४० बुडाल्या. या ४० दांड्या सगळ्यांत वाटल्या गेल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला एक, कुणाचं काही अडत नाही. पण त्या पाचच मुलांच्या नावावर असल्या तर? प्रत्येकी ८ दिवस. ती मुलं महिन्यात १२च दिवस वर्गात असतात. आणि रोजच्या बेरजेत काय दिसतं? ४० पैकी ३८ हजर. आज हे दोघं नाहीत, उद्या ते दोघं. कुणाला काही खटकतच नाही.

हजेरीपटात रोजची बेरीज उभ्या रकान्याच्या तळाशी करतात. मूल मात्र आडव्या ओळीत असतं. ती ओळ बोट ठेवून शेवटपर्यंत वाचतो कोण? महिनाअखेरीस बेरीज जुळली की पट बंद.

अमेरिकेत शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस बुडाले, मग कारण कुठलंही असो, की ती सततची गैरहजेरी धरतात. १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. ऐकायला खूप वाटतात, पण महिन्याला दोनच पडतात. तिथे २०१८-१९ मध्ये साधारण १५ टक्के मुलं या रेषेपलीकडे होती, कोविडनंतर २०२१-२२ मध्ये २८ टक्क्यांच्या आसपास गेली.

तर, कुठले उपाय खरंच चालतात? शिक्षक, पालक, डॉक्टर सगळ्यांनी लिहा. भाषणं नकोत :)

शेवटचा_बाक

छान धागा. एक शंका. तापाने फणफणलेलं मूल आणि उंडारायला गेलेलं मूल एकाच मापात मोजायचं? रीतसर अर्ज आला असेल तर ती गैरहजेरी का धरावी?

खडूवाली

शिक्षा करायची असेल तर फरक करावाच लागेल. अभ्यासापुरता तो फरक उरत नाही. अपूर्णांक शिकवले त्या आठवड्यात एक तापात होता, दुसरा फिरायला गेला होता. अपूर्णांक दोघांचेही राहिले. शिवाय अर्ज आला की आपण निर्धास्त होतो. फायलीत एकाच मुलाच्या अर्जांची चळत साठते, सगळ्यांवर "मंजूर" आणि सही, आणि 'याला दर महिन्याला होतंय तरी काय' हे कुणी विचारत नाही.

काटेकोर

सरळ लिहितो, काहींना राग येईल. पालकांना दंड लावा. चारजणांना बसला की बाकीचे आपोआप सुतासारखे सरळ येतात. मूल शाळेत पाठवणं ही आईबापांची जबाबदारी आहे, शाळेने किती लाड करायचे?

टेम्सकाठी

काटेकोर, तुमचा उपाय इंग्लंडमध्ये रोज चालू आहे. ऑगस्ट २०२४ पासून दंड ८० पौंड, तोही प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे. २१ दिवसांत भरला नाही तर १६०. आधी ६० होता. दहा शालेय आठवड्यांत १० सत्रं, म्हणजे पाच दिवस, विनापरवानगी बुडाले की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो.

आता गंमत ऐका. यातले बहुतेक दंड शाळा चालू असताना सहलीला गेलेल्या कुटुंबांना लागतात. सुट्टीच्या मोसमात विमानाची तिकिटं इतकी चढतात की दंड भरूनही सहल स्वस्त पडते. लोक तो खर्चात धरून मोकळे होतात. आणि ज्या घरातलं मूल दर आठवड्याला दोनदा येत नाही, त्या घरात बहुधा आजारपण असतं, मनाची दुखणी असतात, नाहीतर सगळाच विस्कोट. तिथे दंडाची नोटीस म्हणजे आणखी एक न भरलेलं बिल.

काटेकोर

बरं, सहलवाल्यांना तरी चाप बसतो ना? तेही नसे थोडके.

आकडेमोड

दंडापेक्षा कितीतरी स्वस्त आणि नीट तपासलेला एक उपाय आहे: साधं पत्र. टॉड रॉजर्स आणि अवी फेलर यांनी फिलाडेल्फियात केलेला प्रयोग, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ हजारांहून जास्त कुटुंबं, सोडत काढून गट पाडलेले. एका गटाला काहीच पत्र नाही. दुसऱ्याला 'हजेरी महत्त्वाची आहे' इतकंच. तिसऱ्याला 'तुमच्या मुलाचे आतापर्यंत इतके दिवस बुडाले'. चौथ्याला त्याशिवाय वर्गातल्या इतर मुलांचे किती बुडाले तेही.

मूळ मुद्दा असा की ज्यांची मुलं जास्त गैरहजर होती त्या पालकांना बुडालेल्या दिवसांचा अंदाजच नव्हता. खऱ्याच्या जवळपास निम्माच आकडा ते सांगत होते. खोटं बोलत नव्हते. एक दिवस इथे, एक तिथे, कोण हिशेब ठेवतं? नुसता आकडा कळवल्यावर सततची गैरहजेरी १० टक्क्यांनी, किंबहुना थोडी जास्तच घटली. आणि इतरांशी तुलना करून वेगळा काही फायदा झाला नाही.

हुरळून जाण्याआधी: १० टक्क्यांनी घटली म्हणजे शंभरातली दहा मुलं रेषेच्या अलीकडे आली. नव्वद तिथेच. पण एका पाकिटाच्या खर्चात दहा म्हणजे वाईट सौदा नाही.

पालकसभा

आकडेमोड, हे वाचून आमच्या मुलीच्या शाळेचे मेसेज आठवले. "आपल्या पाल्याची उपस्थिती असमाधानकारक असून सुधारणा न झाल्यास योग्य ती कार्यवाही करण्यात येईल." अहो, पण किती दिवस? कुठले? 'योग्य ती' म्हणजे काय? काही पत्ता नाही. मी उत्तर पाठवलं तर "या क्रमांकावर संदेश स्वीकारले जात नाहीत". म्हणजे तुम्ही बोलणार, आम्ही ऐकायचं. वर एकदा मुलगी वर्गात बसलेली असताना ती गैरहजर असल्याचा मेसेज! बाईंनी नोंद दुपारी भरली म्हणे. तेव्हापासून ते मेसेज मी उघडतही नाही.

शेवटचा_बाक

"कार्यवाही" शब्द आला की आमच्या घरी सगळे फोन उलटे ठेवतात :D

काटेकोर

पत्राने दहा आले. उरलेल्या नव्वदांचं काय?

खडूवाली

तिथेच खरी मेहनत आहे काटेकोर, आणि तिथे सरसकट काही चालत नाही. उरलेल्यांसाठी ओळ वाचावी लागते. किती फुल्या आहेत ते झालं, मग त्या कुठे पडल्यात ते बघायचं.

सोमवारीच पडतात? मग शनिवार-रविवारी मूल कुठे असतं ते विचारा. आईवडील वेगळे राहत असतील, सोमवारी सकाळी दप्तर दुसऱ्याच घरी राहिलेलं असेल. ठरावीक वारी? त्या वारी कुठला तास आहे ते वेळापत्रकात बघा, पुष्कळदा एखादा विषय किंवा एखादे शिक्षक सापडतात (हे स्टाफरूममध्ये बोलणं अवघड आहे, पण सापडतात). चाचणीच्या आदल्या दिवशी? खेळाच्या तासाला? सुट्टीला जोडून? प्रत्येकाचं औषध वेगळं.

एक उदाहरण लिहिते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. सातवीतली मुलगी, पटावर शेरा "अनियमित". तिला दोन-तीनदा सगळ्यांसमोर बोलणी बसलेली. तिचा भाऊ दुसरीत. दोन्ही वर्गांचे पट टेबलावर शेजारी ठेवून दोघांच्या ओळी एकाखाली एक लावल्या. भावाच्या ओळीत फुली, की हिच्या ओळीत फुली. सगळीकडे. तो दम्याचा पेशंट, आई कामावर, रजा काढली की पगार कापला जाणार. मग घरी थांबणार कोण? ताई. ती शाळा बुडवत नव्हती, ती नोकरी करत होती. तिला रागावून काय उपयोग होता?

आईशी बोलल्यावर कळलं की एक नातेवाईक दुपारनंतर येऊन बसू शकतात. मग ठरलं की अशा दिवशी ही अर्धा दिवस येईल, फाटकावर कुणी अडवणार नाही, सकाळचे तास वर्गातलीच एक मैत्रीण वहीतून देईल. गैरहजेरी संपली का? नाही. निम्मी झाली. आणि भावाचा दमा आटोक्यात आल्यावर आणखी कमी झाली, म्हणजे या मुलीच्या हजेरीचा खरा इलाज भावाच्या पंपात होता.

पाटीवरचं_गणित

फाटकाचा मुद्दा अगदी पटला. उशीर झाला की फाटक बंद, मूल परत घरी. दहा मिनिटं उशिराची शिक्षा काय, तर सहा तास बुडवा! आपणच त्याला गैरहजर करतो आणि आपणच पटावर फुली मारतो. उशिराची नोंद वेगळी ठेवा, पण आत घ्या बाबांनो.

कापूस_पट्टी

मी शाळांमध्ये आरोग्य तपासणीचं काम करते. खडूवाली ताईंनी दम्याचं लिहिलं ते तंतोतंत खरं. दीर्घ आजारांमुळे बुडणाऱ्या शाळेत दमा फार वरचा आहे. पंप घरी ठेवलेला असतो, शाळेत धाप लागली की मूल घरी पाठवतात आणि मग दोन दिवस येतच नाही. एक जादा पंप शाळेत, तो कसा द्यायचा हे दोन शिक्षकांना माहीत, आणि पालकांचं लेखी संमतीपत्र. एवढ्यावर बरंच भागतं. तसंच दातदुखीचं. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून कंटाळणारी मुलं तर विचारू नका, ती डोकेदुखीची तक्रार करतात आणि आपण नाटक समजतो.

आणि उवा! उवा दिसल्या की मुलीला घरी पाठवणं अजून चालूच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलंय की उवांसाठी निरोगी मुलाची शाळा बुडवू नये. दिवस संपेपर्यंत बसू द्या, संध्याकाळी घरी उपचार सुरू करा, दुसऱ्या दिवशी परत शाळा. सगळ्यांसमोर उठवून बाहेर काढलेली मुलगी उवा गेल्यावरही चार दिवस तोंड दाखवत नाही, ते नुकसान वेगळंच.

आकडेमोड

आरोग्यावरून केनिया आठवलं. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर (२०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमधले) यांनी पश्चिम केनियात शाळांमधून जंताच्या गोळ्या दिल्या, शोधनिबंध २००४ चा. त्या शाळांतली गैरहजेरी साधारण एक चतुर्थांशाने घटली. पुढे या आकड्यांच्या फेरतपासणीवरून अभ्यासकांत चांगलीच जुंपली, त्यामुळे डोळे मिटून सगळीकडे लावू नये. जंतांचा प्रादुर्भाव जिथे मोठा तिथेच गोळीचा परिणाम मोठा, हे उघड आहे.

पालकसभा

मुलींचं मुख्य कारण पाळी असतं ना? त्यावर कुणी बोललंच नाही.

आकडेमोड

मलाही तसंच वाटायचं. पण नेपाळमध्ये एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन यांनी मुलींना मासिक पाळीचे कप देऊन तपासलं (२०११ चा निबंध). पाळीमुळे बुडणारी शाळा वर्षाला अर्ध्या दिवसाहूनही कमी निघाली आणि कप दिल्याने हजेरीत फरक पडला नाही. मुलींनी कप आनंदाने वापरले, ती सोय हवीच. फक्त 'हे दिलं की हजेरी वाढेल' हे गणित तिथे जुळलं नाही. दुसऱ्या ठिकाणी जुळेलही.

कापूस_पट्टी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मुली येतात, पण कुलूप लावलेल्या स्वच्छतागृहामुळे मधल्या सुट्टीत घरी जातात आणि परत येत नाहीत. पटावर त्या हजरच असतात, कारण हजेरी सकाळी होते.

निनावी_आई

दुसऱ्या आयडीने लिहितेय. सगळं वाचलं. आमच्याकडे ना गरिबी, ना आजार, ना कामं. मुलगा १२ वर्षांचा. रविवारी संध्याकाळपासून गप्प होतो. सोमवारी पोट दुखतं, खरंच दुखतं, पांढरा पडतो. सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट नॉर्मल. "राहू दे आज" म्हटलं की तासाभरात रंग परत येतो. नातेवाईक म्हणतात नाटकं आहेत, दोन फटके द्या. नवरा म्हणतो शाळा बदलू. मी रोज सकाळी बाथरूमच्या दाराबाहेर उभी असते. शाळा म्हणते हजेरी कमी आहे, परीक्षेला बसू देणार नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

मनमोकळे

निनावी ताई, समुपदेशनाचं काम करतो म्हणून लिहितोय. तुमच्या मुलाला न बघता निदान सांगणार नाही. पण तुम्ही वर्णन केलंय ते आम्ही नेहमी बघतो, आणि ते नाटक नसतं. भीतीने पोट खरोखर दुखतं.

ख्रिस्तोफर कर्नी या मानसशास्त्रज्ञाने शाळा टाळण्यामागची चार कारणं मांडलीत, आम्हाला ती रोज उपयोगी पडतात. शाळेतल्या कशाने तरी होणारा त्रास टाळणं. लोकांसमोर बोलणं, परीक्षा, चारचौघांत मिसळणं टाळणं. जवळच्या माणसाचं लक्ष मिळवणं. आणि बाहेर जास्त मजा असणं. फटक्यांचा सल्ला देणारे सगळ्यांनाच चौथ्या खान्यात टाकतात.

अडचण अशी की घरी थांबलं की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच उद्या जाणं आणखी कठीण होतं. म्हणून जास्त दिवस थांबू देऊ नका, पण एकदम पूर्ण दिवसाचा हट्टही नको. आधी फक्त फाटकापर्यंत, मग आवडीचा एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. शाळेतलं एक माणूस ठरवून घ्या, ज्याच्याकडे तो गेल्या गेल्या पोचेल. आणि कुणी त्रास देतंय का ते आधी शोधा. तो त्रास चालू असताना मुलाला परत ढकलणं चूक ठरेल. शाळा बदलण्याचा निर्णय त्यानंतर.

आणि तुम्ही एकट्या नाही. जपानमध्ये वर्षात ३० किंवा जास्त दिवस अशा प्रकारे शाळेत न आलेली मुलं वेगळी मोजतात. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक मिळून ती ३ लाख ४६ हजारांहून जास्त होती. सगळ्यांना फटके कमी पडले असं म्हणायचं का?

निनावी_आई

धन्यवाद. बाकी तुम्हाला वेगळ्या निरोपात लिहिते.

शेवटचा_बाक

वातावरण जड झालंय म्हणून विचारतो, बक्षिसांचं काय? १०० टक्के हजेरीचं प्रमाणपत्र मिळवायला आम्ही ताप अंगावर काढून जायचो. अर्ध्या वर्गाला दिला असणार :)

आकडेमोड

त्यावरही प्रयोग झालाय. कॅलिफोर्नियात १५ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर. आधी जाहीर केलेल्या बक्षिसाने हजेरी वाढली नाही. आणि 'गेल्या अमुक महिन्यात एकही दिवस बुडवला नाहीस' म्हणून अचानक प्रमाणपत्र मिळालेली मुलं पुढच्या महिन्यात उलट जास्त गैरहजर राहिली. संशोधकांना वाटतं की मुलांनी त्यातून अर्थ काढला, 'आपण गरजेपेक्षा जास्तच येतोय'.

खडूवाली

आणि ज्या मुलांसाठी हा धागा आहे त्यांचं १०० टक्क्यांचं बक्षीस तर पहिल्याच आठवड्यात जातं. द्यायचंच असेल तर मागच्या महिन्यापेक्षा चार दिवस जास्त आला त्याला द्या, तेही बाजूला बोलावून.

कागदीघोडा

सगळे गोड बोलताय, कडू मी बोलतो. हजेरीवर पैसे, शेरे, बढत्या लटकवल्या की पहिली सुधारणा मुलांच्या नव्हे, पटाच्या हजेरीत होते. पेन्सिलीने टिंब, तपासणीच्या आदल्या दिवशी पेनाने पी. मुलं होती तिथेच. त्यामुळे वरून "गैरहजेरी निम्मी करा" असा आदेश येतो तेव्हा मला धडकी भरते, कारण ती निम्मी होणार याबद्दल शंकाच नसते. ज्याच्या हातात पट, त्यालाच आकड्यावरून झोडपायचं, मग खरं कोण लिहिणार?

काटेकोर

कागदीघोडा, यावर मात्र शंभर टक्के सहमत. मग आकडा ठेवायचा कशाला?

खडूवाली

मदत कुणाला पाठवायची ते कळायला. ज्या वर्गात जास्त फुल्या तिथे जाब विचारायला साहेब येण्याऐवजी जास्तीचं माणूस आलं, की फुल्या खऱ्या पडू लागतील.

आणि वाट बघायची नाही. वर्षाच्या पहिल्या महिन्यातच दोन-तीन दिवस बुडाले तर तेव्हाच फोन. आपण सहामाहीनंतर जागे होतो, तोवर मूल इतकं मागे पडलेलं असतं की वर्गात बसणंच त्याला शिक्षा वाटते.

पालकसभा

मग तो निरोप नेमका कसा लिहावा? एक नमुना टाका ना ताई, आमच्या शाळेला पाठवते.

खडूवाली

हे घ्या, कुणालाही वापरायला खुला:

"नमस्कार, मी (नाव), (मुलाचं नाव)ची वर्गशिक्षिका. या महिन्यात तो ३, ४, ११ आणि १८ तारखेला शाळेत नव्हता. वर्ष सुरू झाल्यापासून एकूण ६ दिवस झाले. आम्हाला त्याची आठवण येते. तो का येत नाही ते कृपया कळवा. या नंबरवर संध्याकाळी ५ ते ६ मी स्वतः फोन घेते."

मनमोकळे

छान. "तो का येत नाही" ऐवजी "काही अडचण असेल तर सांगा, मिळून बघू" करा. 'का' म्हटलं की लोक सबब शोधायला लागतात.

पालकसभा

आणि तारखा देताय ते फार उत्तम. चूक असेल तर निदान दाखवता तरी येईल.

काटेकोर

आणि तीनदा निरोप पाठवूनही उत्तर आलं नाही तर? आता तरी दंड?

खडूवाली

आता घरी जायचं. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने २०२१ पासून घरभेटींचा मोठा कार्यक्रम चालवला. भेटीनंतर पहिल्याच महिन्यात हजेरी साधारण ४ टक्के बिंदूंनी वाढली आणि पुढच्या महिन्यांत आणखी वर गेली. पण कशा भेटी? आधी वेळ विचारून, शाळेतली दोन माणसं, आणि पहिल्या भेटीत गैरहजेरीचा विषयच काढायचा नाही. मुलाला काय आवडतं, तुम्हाला त्याच्याकडून काय वाटतं, एवढंच. हे सगळं शाळेच्या वेळात बसवायचं आणि त्याचा मोबदला द्यायचा. शिक्षकांच्या रविवारावर हे चालणार नाही, ते मी आधीच सांगून ठेवते.

काटेकोर

ठीक. दोन घरभेटींनंतर पुन्हा येतो दंडाकडे :)

कागदीघोडा

या. तोवर घरभेटींचं रजिस्टर आलेलं असेल.